मधली चकती

टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टील यांचं एकमेकांशी पटत नाही. आपापल्या जागी दोघंही सज्जन, महागडे, गंजायचं नाव न घेणारे. पण दोघांना एकत्र वितळवलं की जोड वरून छान दिसतो आणि गार होता होता तडकतो. म्हणून दोघांच्या मधे तिसऱ्याच एका धातूची, व्हॅनेडियमची, पातळ चकती घालायची. ती चकती टायटॅनियमशीही जमवून घेते आणि स्टीलशीही. एका अंगाला एक जोड, दुसऱ्या अंगाला दुसरा, आणि मूळचे दोघे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. हे काम करणारा वेल्डर त्या कारखान्यात एकच होता. त्याला सगळे मौनीबुवा म्हणत.

नाव अगदी फिट्ट होतं. तो घुमा नव्हता, गर्विष्ठ नव्हता, कुणी काही विचारलं तर मान हलवून हसायचा. फक्त बोलायचा नाही. आणि त्याचं कामही त्याच्या स्वभावाला साजेसं निघालं. काचेची खिडकी असलेली एक मोठी पेटी, आतली हवा काढून तिच्यात आर्गॉन वायू भरलेला, समोर दोन गोल भोकं आणि त्यांना खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे जोडलेले. सकाळी स्टुलावर बसून मौनीबुवाने त्या मोज्यांत हात सरकवले की तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत माणसांतून उठायचा. बाहेर लेथ किंचाळायचे, हातगाड्या आदळायच्या, मिस्त्री कुणाच्या तरी नावाने शंख करायचा. पेटीत वारासुद्धा नव्हता.

काळ्या काचेतून फक्त एक प्रकाशाचा थेंब दिसायचा आणि त्याच्या मागे सरकणारं चकचकीत धातूचं तळं. हात आपलं काम करत राहायचे आणि मौनीबुवा निघायचा फिरायला. कुठे, ते विचारू नका. त्यालाही सांगता आलं नसतं. कधी तो त्या तळ्याच्या काठाने चालायचा. काठावर कुणी नसायचं, ऊन नसायचं, आणि तरी सगळं लख्ख दिसायचं. कधी लहानपणीचं त्यांचं दुकान दिसायचं. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. कात्री बंद पडली तरी वडिलांचं तोंड चालू. घरी आल्यावरही तेच बोलायचे, बाकीचे ऐकायचे, आणि सगळ्यांचं छान चाललं होतं. मग वडील गेले, एकाएकी, आरशासमोर उभे असताना. घरातलं बोलणं त्यांच्याबरोबर गेलं.

पण जास्त करून तो टाकीकडे जायचा. त्याचे सगळे जोड कुठल्याशा टाकीत बसवले जायचे. तिथे वायू इतका गार करायचे की तो पाण्यासारखा वाहू लागायचा. आतल्या नळ्या टायटॅनियमच्या, बाहेरचं अंग स्टीलचं, आणि मधे मौनीबुवाचा जोड. ती टाकी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्या मनात ती एका उंच पांढऱ्या खोलीत उभी असायची, तिच्या अंगावरून धुकं उतरत असायचं, आणि तिथली माणसं हळू बोलायची. आपण तिथे जाऊन टाकीला एकदा नुसता हात लावावा, एवढीच त्याची इच्छा होती. माणसाने इच्छा तरी किती लहान ठेवावी!

आणि एक दिवस ती इच्छा स्वतःच्या पायांनी चालत आली. कारखान्यातल्या इंजिनियर मॅडम त्याच्या स्टुलापाशी येऊन म्हणाल्या, "शेवटचे जोड टाकीवरच करायचेत. सोमवारी पेटी तिकडे नेणार आहोत, माणूसही न्यावा लागेल. महिनाभर, फार तर थोडं जास्त. येता ना?"

मौनीबुवाने मोज्यांतून हात काढले. तोंडावर आलेला आनंद त्याने गिळला आणि म्हणाला, "घरी जमणार नाही."

"कुणी आजारी आहे का?"

"नाही. दोघी आहेत."

मॅडम हसल्या. मग त्याचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "शनिवारपर्यंत विचार करा," म्हणाल्या. "नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. पण मला तुम्ही हवे आहात."

घरच्या दोघी म्हणजे आई आणि बायको. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आज-कालचं नव्हतं ते. बायको लग्न होऊन आली ती बाइंडरच्या दुकानाचं काम घेऊनच आली. पुस्तकांच्या घड्या शिवायच्या, तर उजेड हवा. तिने सासूची कॉट खिडकीजवळून हलवली आणि तिथे आपलं टेबल मांडलं. विचारलं नाही. सासूने कॉटचा नवा कोपरा पाहिला, सुनेकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, ह्या घरात आधी विचारतात." सून सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "आईंना सांगा, विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या." तेव्हापासून मौनीबुवा मधे होता.

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या, अंतर हातभर, आणि निरोप मात्र बाहेरच्या खोलीत बसलेल्या मौनीबुवाकडून फिरून यायचा. "हिला सांग, आमटीत मीठ नाही." "आईंना सांगा, डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलंय." "डॉक्टरांना हिने काय सांगितलं ते विचार." हा बिचारा सगळे निरोप इमानेइतबारे पोचवायचा. टोचणारे शब्द वाटेत गाळायचा, त्यांच्या जागी मऊ घालायचा. दमायचा. कारखान्यात दिवसभर जे तोंड मिटलेलं, ते घरी आल्यावर दोन्हीकडून कामाला लागायचं. आणि एक गोष्ट तो मनोमन धरून बसला होता: आपण मधून निघालो की ह्या दोघी थेट एकमेकींवर येतील, आणि मग घर उभं राहायचं नाही. म्हणून तो पाहुणा म्हणून कुणाकडे राहायला गेला नाही, लग्नाकार्याला एक रात्र मुक्काम केला नाही. टाकी तर फारच लांब राहिली.

शुक्रवारी सकाळी तो पेटीत हात घालून बसला, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. स्टीलच्या अंगाचा जोड चालला होता. तो पांढऱ्या खोलीत उभा होता. टाकीवरून धुकं उतरत होतं. कुणीतरी हळू आवाजात त्याला म्हणत होतं, लाव ना हात. त्याने हात पुढे केला आणि तेवढ्या वेळात वेल्डिंगची टॉर्च एका जागी जरा जास्त रेंगाळली. तळं मोठं झालं, चकती आरपार वितळली आणि पलीकडचा टायटॅनियम स्टीलमध्ये येऊन मिसळला. वरून काही म्हणजे काही दिसलं नाही. उलट जोड नेहमीपेक्षा सुंदर आला होता.

त्याने जोड बाहेर काढून टेबलावर ठेवला. गार होईपर्यंत जोडापाशी बसायची त्याची पद्धत होती, आणि ती पाहून आजूबाजूचेही त्या वेळी जरा हळू वागायचे. सगळे तसेच वागत असताना टेबलावर टक्क झालं. लहानसाच आवाज. पण लेथवाल्याने मान वळवली आणि मिस्त्री आपल्या जागेवरून उठून आला.

"अरे वा," मिस्त्री म्हणाला, "बुवा बोलत नाहीत, पण बुवांचा जोड बोलला!"

कुणी हसलं नाही. मिस्त्रीही मग ओशाळला. मॅडमनी भिंग लावून चीर पाहिली आणि भिंग खिशात टाकलं. "चकती ओलांडलीत तुम्ही," एवढंच म्हणाल्या. "आज घरी जा. उद्या ताज्या डोक्याने करू."

दुपारची आपली गल्ली मौनीबुवाने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती त्याला ओळखीची वाटेना. त्याची गल्ली सकाळची घाईतली आणि संध्याकाळची दिव्यांतली. ही तिसरीच कुणीतरी होती, उन्हात पाय पसरून पडलेली. बाल्कन्यांत चादरी वाळत होत्या. बंद दुकानाच्या पायरीवर एक मांजर झोपलं होतं. कुठल्या तरी खिडकीतून रेडिओ येत होता आणि गाण्याचे शब्द भिंतीला लागून विरघळत होते. त्याला वाटलं, आपण अजून पेटीतच आहोत, आणि हे सगळं काचेपलीकडचं आहे. जिना चढताना त्याला स्वतःच्या पावलांचा आवाजही आला नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज आला, बाईचा, अगदी पोट धरून हसल्यासारखा. कुणी पाहुणी आली असावी, असं वाटून तो थांबला. मग दुसरा आवाज आला, तो आईचा.

"हसू नकोस ग. सांग, आज काय काढायचं?"

"काल मीठ झालं," बायको म्हणाली. हसत होती ती तीच. "खिडकी काढू?"

"खिडकी शिळी झाली. तोंडपाठ आहे त्याला. एवढंसं बोलून मोकळा होतो."

"मग पडदे. तुम्ही म्हणा निळे, मी पिवळ्यांवर अडून बसते. रंगांवर बोलतात ते. त्या दिवशी नाही का, टायटॅनियम बिघडलं की आधी सोनेरी होतं, मग जांभळं, मग निळं, असं आपणहून सांगत होते? तुम्ही वाटाणे सोलत होतात."

"ऐकलं की. सोलायची थांबले होते मी."

मौनीबुवाचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला.

"आणि जरा बेताने भांड," आई म्हणाली. "परवा इतक्या तावातावाने बोललीस, मला खराच राग आला."

"आणि तुम्ही माझं माहेर काढलंत ते?"

"ते ओघात आलं."

पुन्हा दोघी हसल्या. मग थोडा वेळ फक्त कागदातून दोरा ओढल्याचा आवाज येत राहिला.

"दमले ग मी," आई म्हणाली. "दिवसभर तुझ्याशी गप्पा मारायच्या आणि संध्याकाळ झाली की तोंड फिरवून बसायचं. संध्याकाळीही बोलावंसं वाटतं तुझ्याशी."

"मग सोडून देऊ या का? सांगून टाकू त्यांना?"

"नको बाई. पुन्हा गप्प झाला तर? हे गेले त्यानंतरचं वर्ष तू पाहिलेलं नाहीस. दवाखान्यात आया होते मी, भले भले मुके पेशंट बोलते केले. पण स्वतःचा मुलगा काही बोलेना. तू माझी कॉट हलवलीस, आपलं भांडण झालं, आणि हा तुझ्याकडून माझ्याकडे येऊन घडाघडा दोन वाक्यं बोलला. मला रडूच आलं त्या दिवशी. तुला वाटलं कॉटसाठी रडते."

मौनीबुवाने कडीवरचा हात हळूच काढला. मधल्या वळणापर्यंत तो जिना उतरला आणि पायरीवर बसला. आधी त्याला राग आला, अगदी कानशिलं तापली. इतकी वर्षं आपल्याला खुळ्यासारखं पळवलं! पाहुण्यांकडे गेलो नाही, लग्नं चुकवली, हाताशी आलेली टाकी सोडायला निघालो होतो. मग त्याला आईचा आवाज आठवला, सोलायची थांबले होते मी म्हणणारा, आणि रागाचं काय करावं ते त्याला कळेना. समोरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा येत होता आणि त्यात धूळ वर चढत होती. ती बघत तो बराच वेळ बसून राहिला. आपण दोघींना धरून ठेवलंय असं मानत होतो. धरून तर त्या दोघींनी ठेवलं होतं, आणि ते आपल्याला. एवढं प्रेम आपल्यावर कुणी करत असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि त्याला स्वप्नांची तर काही कमी नव्हती.

मग तो उठला, पाय आपटत जिना चढला आणि दाराशी मोठ्याने खोकला. आत एकदम शांतता. बायको टेबलावर वाकलेली, आई कॉटवर भिंतीकडे तोंड करून.

"आज लवकर?" बायकोने विचारलं.

"जोड तडकला," तो म्हणाला.

"तुझ्या बायकोला सांग," आई भिंतीला म्हणाली, "चहा टाक म्हणावं. माणूस उन्हातून आलाय."

त्याने सांगितलं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे पडदे निघाले. आईने निळे मागितले, सून पिवळ्यांवर अडून बसली. मौनीबुवा मधे उभा राहिला आणि बोलू लागला. निळा सकाळी कसा दिसेल, पिवळा दिव्यात कसा. पिवळा पुस्तकांच्या कागदावर पडला तर शिवणाऱ्याचे डोळे दुखतील का. निळ्याने खोली गार वाटते पण लहानही वाटते. बोलतच सुटला. दोघी भांडण विसरून ऐकत बसल्या, आणि मधेच बायकोने दोरा शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवून डोळे पुसले. सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आणि मी सोमवारी टाकीकडे चाललोय. महिनाभर."

"महिनाभर?" दोघी एकदम म्हणाल्या. एकदम बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"तिथे तुमच्याशी कोण बोलणार?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात खरीखुरी भीती होती.

"आहेत माणसं," तो म्हणाला.

"माणसं असून काय उपयोग," आई पुटपुटली. मग सावरून म्हणाली, "जाऊ दे त्याला. हिला सांग, स्वेटर भर म्हणावं. गार असतं तिकडे."

सोमवारी सकाळी कारखान्याची गाडी खाली येऊन उभी राहिली. पेटी मागे दोरांनी आवळून बांधलेली होती. दोघी खाली आल्या आणि त्याच्या एकेका बाजूला उभ्या राहिल्या, आपसांत अंतर राखून. आईने डबा त्याच्या हातात दिला. "हिला सांग, मी जिना सावकाश चढेन, काळजी करू नकोस."

"आईंना सांगा, गोळ्या मी काढून ठेवीन."

मौनीबुवाने डबा गाडीत ठेवला. त्याला तसंच जाता आलं असतं. पण महिनाभर ह्या दोघी संध्याकाळ झाली की उगीच दाराकडे बघत बसतील, आणि परत आल्यावर पुन्हा आईला भिंतीकडे तोंड करून बसावं लागेल, ते त्याला सोसवेना.

"मी गेल्यावर संध्याकाळीही बोलत जा," तो म्हणाला. "दुपारी बोलता तशाच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर लहान मुलींचं होतं तसं दोघींचं तोंड झालं.

"कधी कळलं?" बायकोने विचारलं.

"शुक्रवारी. दारात उभा होतो."

"आणि पडद्यांवर एवढं बोललात ते?"

"तुमच्यासाठी." तो जमिनीकडे बघून हसला. मग थोडं रुसून म्हणाला, "एवढं नाटक कशाला? मला नुसतं विचारलं असतंत तरी बोललो असतो."

आईने त्याच्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती.

"विचारलं होतं रे," ती म्हणाली. "हे गेल्यावर रोज विचारत होते. कसा आहेस, काय होतंय, बोल ना काहीतरी. तू म्हणायचास, काही नाही."

मौनीबुवाला ह्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्याने आठवून पाहिलं. ते सगळं वर्ष धुक्यासारखं होतं, आणि त्या धुक्यात आईचा आवाज कुठेच नव्हता. म्हणजे ती रोज विचारत होती, आणि आपण तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

"आता विचार," तो म्हणाला.

"आता? इथे रस्त्यात?"

"विचार ना."

आईने पदराने तोंड टिपलं. शेजारून एक सायकल गेली. ती जाईपर्यंत ती थांबली.

"कसा आहेस रे बाळ?"

काही नाही, हे त्याच्या ओठांवर आलंच होतं. सवयच ती. त्याने ते मागे सारलं. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

"बाबांची आठवण येते," तो म्हणाला. "रोज येते, आई. त्या पेटीत बसलो की दुकान दिसतं. बाबा बोलत असतात, आणि काय बोलतात ते ऐकू येत नाही." त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "मला वाटायचं, मी बोललो तर त्यांचं ते राहिलेलंही जाईल."

आईने त्याचा हात धरला. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला, आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "चला की मौनीबुवा, उशीर होतोय!"

"थांबा हो जरा," बायको म्हणाली, "ते बोलतायत."